‘नोटीस’ म्हणजे कळणे की कळविणे?

‘नोटीस’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो परभाषेतून आला याचे स्मरणही आता कोणास उरलेले नाही. फलकावर नोटीस लागते, पोस्टाने नोटीस येते, घरमालक भाडेकरूस नोटीस देतो आणि न्यायालयाचा बेलिफ ती बजावतो. या सर्व प्रयोगांत नोटीस ही एक वस्तू आहे. डकविता येणारा, धाडता येणारा, तारीख व सही असलेला कागद. मूळ इंग्रजीत मात्र हा शब्द आधी जाणिवेचा आहे आणि मग कागदाचा. लॅटिनमध्ये ‘नोटुस’ म्हणजे ज्ञात. त्या शब्दाचा धातू आणि संस्कृतातील ‘ज्ञा’ हा धातू एकाच कुळातील. म्हणजे कचेरीतील नोटीस आणि उपनिषदांतील ज्ञान ही दूरची का होईना, भावंडे ठरतात. इंग्रज मनुष्य एखादी गोष्ट ‘नोटीस’ करतो तेव्हा ती त्याच्या ध्यानात आलेली असते. या अर्थासाठी आपल्याकडे ‘दखल’, ‘लक्ष’, ‘जाणीव’ असे शब्द आधीच असल्यामुळे आपण परका शब्द घेताना त्यातील कागद तेवढा घेतला. जाणीव तिकडेच राहिली.

शाळा-महाविद्यालयांत आणि सरकारी कचेऱ्यांत काम करणाऱ्यांना याचा अनुभव रोजचा आहे. शिपाई नोटिसांची वही घेऊन वर्गाच्या दाराशी उभा राहतो, अध्यापक हातातला खडू न ठेवता सही करतो आणि शिकविणे पुढे चालू ठेवतो. वहीत काय लिहिले होते हे त्याला सांगता येईलच असे नाही. तथापि त्या क्षणापासून त्याला ते ‘माहीत’ आहे.

हे ‘माहीत असणे’ म्हणजे या शब्दाचा तिसरा अर्थ होय आणि तो कायद्याने घडविलेला आहे. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यातील तिसऱ्या कलमात नोटिशीची व्याख्या आहे. मनुष्याला एखादी गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक असली तर त्याला तिची नोटीस होतीच. परंतु करावयास हवी होती ती चौकशी त्याने जाणूनबुजून टाळली असेल, अथवा घोर हयगय केली असेल आणि तसे न करता ती गोष्ट त्याला कळली असती, तरीही त्याला नोटीस होती असेच धरले जाते. १९२९ च्या दुरुस्तीने याला पुरवणी जोडली: नोंदणी झालेल्या दस्ताची नोटीस खरेदीदाराला असतेच आणि जमिनीवर ज्याचा प्रत्यक्ष ताबा आहे त्याच्या हक्काचीही असते. ही मूळची इंग्लंडमधील कल्पना आहे. तेथे १८०९ साली लॉर्ड एल्डन यांनी, ज्या घरात कूळ राहत आहे ते घर घेणाऱ्याने त्या कुळाला त्याचा हक्क विचारलाच पाहिजे, असा निर्णय दिला होता.

येथवर या कल्पनेत गैर असे काही नाही. किंबहुना ती नसती तर डोळ्यांवर कातडे ओढून घेणाऱ्याचे फावले असते. पण जी कल्पना लबाड खरेदीदाराला पकडण्यासाठी निघाली, तीच पुढे निरक्षर प्रवाशाच्या गळ्यात कशी पडली, हे एका इंग्रज निकालात दिसते. थॉम्पसन नावाच्या एका बाईसाठी तिच्या नातलगाने रेल्वेचे सहलीचे तिकीट काढले. परतीच्या वेळी स्थानकावर उतरताना ती पडून जखमी झाली. तिकिटाच्या दर्शनी बाजूस लिहिले होते की अटींसाठी मागे पाहा. मागे लिहिले होते की वेळापत्रक पाहा. आणि वेळापत्रकाच्या ५५२ व्या पृष्ठावर अट होती की इजेबद्दल कंपनी जबाबदार नाही. वेळापत्रकाची किंमत सहा पेन्स, तिकिटाची दोन शिलिंग सात पेन्स. म्हणजे आपण कोणत्या अटी मान्य केल्या आहेत हे कळून घेण्यासाठी प्रवाशाने भाड्याच्या जवळजवळ एक-पंचमांश रक्कम वेगळी मोजावयाची. बाईला तर वाचताच येत नव्हते. पंचांनी तिच्या बाजूने कौल दिला असूनही न्यायाधीशांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि वरिष्ठ न्यायालयाने तो कायम ठेवला. तिला नोटीस होती!

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न एकदा एका बाजूने आणि एकदा दुसऱ्या बाजूने आला. जयपूर संस्थानात १९२३ साली मंत्रिमंडळाने ठराव करून अफूविषयीचा एक कायदा केला, परंतु तो कोठेही प्रसिद्ध केला नाही. त्या कायद्याखाली हरला नावाच्या एका इसमास ५० रुपये दंड झाला. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. जो कायदा जनतेला कळण्याची काही सोयच नव्हती, त्याखाली शिक्षा करणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असे न्यायमूर्ती विवियन बोस यांनी ठरविले. दुसरे प्रकरण मुंबईचे. एक जर्मन प्रवासी ३४ किलो सोने अंगावरील जाकिटात दडवून झुरिचहून मनिलाकडे निघाला आणि २८ नोव्हेंबर १९६२ रोजी सांताक्रूझ विमानतळावर पकडला गेला. अशा सोन्यावर निर्बंध घालणारी रिझर्व्ह बँकेची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झाली होती अवघ्या चार दिवसांपूर्वी, २४ तारखेला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली बहुमताने तो निर्णय फिरविला. राजपत्रात छापले म्हणजे कळले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी आपला विरोध नोंदविला. शिक्षा मात्र त्याने तोवर भोगली तेवढीच ठेवण्यात आली. जाकिटात सोने लपविणाऱ्याविषयी कोणाला फारसा उमाळा येणार नाही, परंतु जो नियम त्याला लागू झाला तोच राजपत्र ज्याने आयुष्यात पाहिलेले नाही अशा शेतकऱ्यालाही लागू आहे.

अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला येथे एक साधी गोष्ट मांडावयाची आहे. माहिती फुकट मिळत नाही. ती मिळविण्यास वेळ लागतो, पैसा लागतो, अक्षरओळख लागते. जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ साली माहितीचे अर्थशास्त्र या विषयावर लेख लिहिला, तेव्हापासून आमच्या शास्त्राने हे मान्य केले आहे. बाजारातील गृहिणीला ते त्यापूर्वीही ठाऊक होते. मग प्रश्न एवढाच उरतो की हा खर्च कोणी सोसावा? नोटीस म्हणजे नुसता कागद असे मानले की कळविणाऱ्याचा खर्च एका कागदापुरता राहतो आणि कळून घेण्याचा सगळा खर्च दुसऱ्यावर पडतो. ज्याला माहिती पोहोचविणे स्वस्त पडते तो मोकळा सुटतो आणि ज्याला ती मिळविणे महाग पडते तो बांधला जातो. दैनिकांच्या आतल्या पानांवर ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात करून गट नंबर, चतुःसीमा आणि हरकतीची मुदत बारीक टायपात छापली जाते, ती वाचण्यासाठी किती आणि छापली गेल्याची कात्रणे फाइलीत लावण्यासाठी किती, हे वाचकांनीच ठरवावे. जुन्या काळच्या दवंडीत निदान ज्याला कान आहेत त्याला ती ऐकू जावी एवढी अपेक्षा तरी होती.

महाराष्ट्रात याचा सर्वांत मोठा फटका कोणास बसतो? माझ्या मते सासरी गेलेल्या मुलीला. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली संसदेने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. कायदा झाला, पुढे बाप वारतो आणि वारसांच्या फेरफाराची नोंद होते. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १५० व्या कलमानुसार तलाठ्याने नोंदीची प्रत चावडीत ठळक जागी लावावयाची असते आणि ज्यांचा संबंध अभिलेखावरून दिसतो, अथवा संबंध आहे असे त्याला वाटते, त्यांना लेखी कळवावयाचे असते. ज्या बहिणीचे नाव भावांनी सांगितलेच नाही तिचा संबंध अभिलेखावरून दिसणार कसा? चावडी माहेरच्या गावी, ती दोन जिल्हे पलीकडे. मुदत संपते, हरकत आलेली नसते, नोंद प्रमाणित होते. फेरफाराच्या नोंदीने मालकी ठरत नाही हे विधिज्ञ सांगतील आणि ते बरोबरही आहे. पण ती नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी खेटे घालावे लागतात ते तिला, भावांना नाही. चावडीवरचा कागद वाऱ्याने उडून गेला असला तरी तो लागला होता, एवढे दप्तरात राहते.

कळविण्याचा भार कळविणाऱ्यावर टाकता येतो, हे कायद्यानेच अधूनमधून दाखविले आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात १९८४ पर्यंत वृत्तपत्रांत प्रसिद्धीची सक्तीच नव्हती. २०१३ च्या नव्या कायद्यात ग्रामपंचायतीत स्थानिक भाषेत सूचना देणे आले आणि हरकतीची मुदत ३० दिवसांवरून ६० दिवस झाली. व्यक्तिगत विदेच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा तर म्हणतो की नोटीस इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय दिला पाहिजे. भ्रमणध्वनीवर न वाचता ‘मान्य आहे’ हे बटण दाबणाऱ्यांना मराठीतील वीस पाने दिल्याने ती वाचली जातील असे नाही. तरीही भाषेची जबाबदारी कोणाची, एवढे तरी त्यात ठरले.

वारसनोंदीच्या बाबतीत याहून सोपा उपाय आहे. मृताला मुली आहेत की नाहीत, हे गावात कोणापासून लपलेले नसते. प्रत्येक मुलीची स्वतःच्या सहीची पोच किंवा तिचा जबाब दप्तरी लागल्याखेरीज वारसाची नोंद प्रमाणित करू नये आणि ती सापडत नसेल तर तिच्या सासरच्या गावीही नोटीस लावावी. यामुळे नोंदी लांबतील, अशी तक्रार होईल. लांबतील. आज त्या लवकर होतात, याचे एक कारण ज्याला विचारावयाचे त्याला विचारले जात नाही, हे आहे.