विकत घेतलेल्या संगणकावर 'नको' म्हणण्याची सोय हवी

जून-जुलै आला की वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतल्या सेवा केंद्रांवर दोन गर्द्या एकदम उसळतात. उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रिमिलेअरचा दाखला हवा असलेली मुलं एका बाजूला, पीक विम्याचा अर्ज भरायला आलेले सोयाबीन-तुरीचे शेतकरी दुसऱ्या बाजूला. अशा घाईत केंद्रचालक संगणक सुरू करतो आणि पडदाभर एक इंग्रजी पान उघडतं : तुमच्या संगणकाची मांडणी अजून पूर्ण झालेली नाही. खाली दोन बटणं. एक 'पुढे चला', दुसरं '3 दिवसांनी आठवण करा'. 'नको' असं बटण नाही.

विंडोज वापरणाऱ्या अनेकांनी हे पान पाहिलं आहे. संगणक तर उत्तम चाललेला असतो. मग राहिलंय काय? मायक्रोसॉफ्टचं खातं, वनड्राइव्हवरचा बॅकअप, मायक्रोसॉफ्ट 365ची वर्गणी, एज ब्राउझर. कंपनीची विक्री राहिलेली आहे आणि तिला नाव दिलं आहे मांडणीचं.

हे हळूहळू घडत आलं. 2015 मध्ये विंडोज 10 आली ती स्टार्ट मेनूत कँडी क्रशसारखे खेळ घेऊनच. पुढच्याच वर्षी तिच्या अपग्रेडची खिडकी फुलीवर क्लिक करून बंद केली, तरी ठरलेलं अपग्रेड रद्द होत नव्हतं. न मागितलेल्या अपग्रेडमुळे कामाचा संगणक बिघडल्याची तक्रार करणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या एका व्यावसायिक महिलेला तेव्हा 10,000 डॉलर मिळाले. एप्रिल 2024 मध्ये विंडोज 11च्या स्टार्ट मेनूत 'शिफारस' या नावाखाली अ‍ॅपच्या जाहिराती दिसू लागल्या. दोष एकाच कंपनीचा नाही. मोफत मिळणाऱ्या उबुंटूनेही 2012 मध्ये संगणकातल्या शोधात अ‍ॅमेझॉनचा माल दाखवला होता. टीका झाली आणि 2016 च्या आवृत्तीत तो शोध मुळातूनच बंद ठेवण्यात आला.

वाशिमसारख्या जिल्ह्यात मात्र हा प्रश्न नुसत्या कटकटीचा राहत नाही. केंद्रावर आलेल्या माणसाचं आधार कार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा, फोटो आणि सही स्कॅन होऊन बहुतेक वेळा डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये जाते. घाईघाईत 'पुढे चला' दाबलं आणि वनड्राइव्हचा बॅकअप चालू झाला, की हीच कागदपत्रं केंद्रचालकाच्या खात्यातून कंपनीच्या सर्व्हरवर चढू लागतात. ज्याचं आधार कार्ड आहे त्या शेतकऱ्याला याचा पत्ता नसतो, त्याची संमती कोणी विचारलेली नसते. मोफत जागा फक्त 5 जीबी. स्कॅन आणि फोटोंच्या धंद्यात ती भरायला वेळ लागत नाही, आणि ती भरली की जागा विकत घ्या म्हणणारे इशारे सुरू होतात. बॅकअप बंद करायला गेलं तर डेस्कटॉपवरच्या फाइली जागेवरून गेल्यासारख्या वाटतात, त्या वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये शोधाव्या लागतात. मराठी माध्यमात शिकून, एमएस-सीआयटी करून केंद्र चालवणाऱ्या तरुणाने रांग समोर उभी असताना हे इंग्रजीतून उलगडत बसायचं, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

सुरक्षिततेच्या अपडेट मोफत मिळतात, मग कंपनीने थोडी जाहिरात केली तर बिघडलं कुठे, असं कोणी विचारेल. विंडोजच्या परवान्याचे पैसे लॅपटॉपच्या किमतीत भरलेले असतात. आणि सुरक्षिततासुद्धा आता अटींवर मिळते. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10चा नियमित आधार संपला. आणखी एक वर्षाच्या अपडेटसाठी घरगुती ग्राहकापुढे पर्याय ठेवले गेले : 30 डॉलर भरा, कंपनीचे रिवॉर्ड पॉइंट खर्च करा, नाहीतर संगणकाच्या सेटिंग्जचा बॅकअप कंपनीच्या खात्यात चढवा. युरोपातल्या ग्राहक संघटनेने आक्षेप घेतल्यावर तिथल्या लोकांसाठी बॅकअपची अट काढली गेली. एज ब्राउझर काढून टाकण्याची मुभाही युरोपीय संघाचा डिजिटल बाजार कायदा लागू झाल्यावर तिथल्या ग्राहकाला मिळाली. म्हणजे हे सगळं बदलता येतं. कायद्याचा रेटा हवा.

आपल्याकडे नियम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यांत 13 प्रकार नोंदले आहेत. वारंवार टोचणी लावणं, जाहिरातीला दुसरा वेश देणं आणि वर्गणीचा सापळा हे तीनही त्यांत येतात. भारतात वस्तू-सेवा देणारे सगळे प्लॅटफॉर्म या तत्त्वांच्या कक्षेत आहेत. तरी चर्चा होते ती मुख्यतः खरेदीच्या आणि तिकिटांच्या संकेतस्थळांची. ऑपरेटिंग सिस्टिमही याच कक्षेत येते, हे प्राधिकरणाने स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

राज्य सरकारलाही हात बांधून बसायचं कारण नाही. केरळने सरकारी शाळांतले संगणक लिनक्सवर चालवून दाखवले आहेत. महाराष्ट्राला तेवढं आज जमणार नसेल, तर शाळा आणि कार्यालयांसाठी संगणक घेताना निविदेत एक अट घालावी : जाहिराती, शिफारशी आणि आपोआप होणारा क्लाउड बॅकअप बंद करूनच यंत्र द्यायचं. 2018 पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या वाशिमच्या जिल्हा प्रशासनाने हे सगळं बंद आहे का, याची तपासणी आपल्या सेवा केंद्रांपासून सुरू करावी.

केंद्रचालकांनी तोवर वाट पाहू नये. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, मग स्टार्ट इथे जाऊन शिफारशी बंद कराव्यात. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये डेस्कटॉपचा बॅकअप चालू आहे का ते आजच पाहावं. एवढं करूनही टोचणी थांबली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे आणि तिथे तक्रार मराठीतही नोंदवता येते.