लांबी नको, सांधे बघा

मैत्रिणींनो, तळहात जरा टेबलावर सपाट ठेवा. अंगठ्याशेजारची तर्जनी लांब, की करंगळीशेजारची अनामिका? थांबा, हे हस्तसामुद्रिक नाही! इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये असाच अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची अनामिका तर्जनीपेक्षा लांब, त्यांच्यात गुडघ्याचा झिजेचा संधिवात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, जास्त आढळला. बायकांमध्ये तर अधिकच. पुढे हाताच्या सांध्यांशीही हे नातं जोडून पाहिलं गेलं. पण तिथे मोठी अडचण आहे. सांधा झिजला की बोट वाकतं, आखूड दिसतं. मग मूळची लांबी मोजायची कशी?

आणि नातं आढळलं म्हणजे कारण सापडलं, असं थोडंच आहे? बोटांची ठेवण आपण जन्माला येतानाच घेऊन येतो. ती मोजून घाबरायचं नाही, की लेकीसुनेच्या हातावर शिक्काही मारायचा नाही.

बघायचे ते सांधे. नखाजवळच्या सांध्यावर कडक गाठी येतात, त्यांना 'हेबर्डनच्या गाठी' म्हणतात. पाळी जाण्याच्या सुमारास त्या अनेकींना येतात. आईला असतील तर लेकीला येण्याची शक्यता जास्त. अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, डब्याचं झाकण निघत नाही, कपडे पिळताना कळ येते. आपण मात्र 'कामाचे हात, दुखायचेच' म्हणून बाम चोळतो नि पुन्हा कणीक मळायला बसतो!

हे दुखणं मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतं. कोमट पाण्याचा शेक, डॉक्टरांनी शिकवलेले बोटांचे व्यायाम, लावायचं मलम, अंगठ्याला आधारपट्टी, यांनी आराम पडतो. जड चादरी पिळणं आणि नारळ खवणं घरातल्या इतरांनाही जमतं, बरं का!

एक मात्र लक्षात ठेवा. सकाळी हात तासभर आखडलेले राहत असतील, मनगट आणि बोटांच्या मुळाचे सांधे सुजून गरम लागत असतील, तर तो आमवात असू शकतो. त्याचे उपचार वेगळे आणि लवकर सुरू व्हावे लागतात. तिथे बाम चोळत बसणं महागात पडतं.

तेव्हा अनामिकेतली अंगठी सांध्यावरून निघेनाशी झाली, तर सोनाराकडे ती वाढवायला टाकण्याआधी डॉक्टरांना हात दाखवा.