दोघींनी मिळून एक पुस्तक



गेल्या जानेवारीत आमच्या चर्चच्या दारातल्या फलकावर एक तक्ता लागला. वर मोठ्या अक्षरांत ‘महिन्याला एक पुस्तक’. डावीकडे नावे, उजवीकडे बारा महिन्यांचे बारा रकाने. त्या महिन्यात श्रद्धेला पोषक असे एक पुस्तक वाचून पुरे केले की आपल्या नावापुढे टिक करायची. उपक्रम चांगला होता. तरुण मंडळींनी मेहनत घेतली होती. आम्ही दोघींनीही नावे घातली. आमच्यापैकी एक या चर्चची, दुसरी मेथडिस्ट मंडळीतली. पण मैत्री बेळगावातल्या कॉलेजच्या बाकावरची, त्यामुळे तिचेही नाव तक्त्यावर चढले. फादरांनी हसून परवानगी दिली.

जानेवारी, फेब्रुवारी नीट गेले. मार्चमध्ये आम्ही घसरलो. प्रायश्चित्तकाळावरचे एक पुस्तक घेतले होते. एकीची पहिली चाळीस पाने झाली, दुसरीने शेवटचे प्रकरण तेवढे वाचले. दोघींचे मिळूनही पुस्तक पुरे होत नव्हते. तरी महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघींनी टिक केली. त्याच आठवड्यात मुलांच्या वर्गात खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा शिकवायची होती. कॅथलिकांच्या मोजणीत ती आठवी, मेथडिस्टांच्या मोजणीत नववी. खोटे मात्र दोन्हीकडे खोटेच.

पुढच्या रविवारी जाऊन आम्ही त्या दोन खुणा खोडल्या. कोणी विचारले नाही. पण तेव्हापासून आमच्यात जे बोलणे सुरू झाले, ते वर्षभर चालले. त्यातून आमचे जे मत बनले, ते आज आपल्यापुढे ठेवतो आहोत.

आमचे मत सरळ आहे. पुस्तके मोजायला घेतली की ती संपवली जातात, वाचली जात नाहीत. जपमाळेचे मणी भराभर पुढे सरकवले तर प्रार्थना होते का? वाचनाचेही तसेच आहे. शिवाय एकट्याने वाचण्यापेक्षा दोघांनी वाचलेले अंगी लागते. म्हणून आम्ही ठरवले की एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत तीनच पुस्तके वाचायची, दोघींनी तीच वाचायची आणि दर शुक्रवारी संध्याकाळी चहा घेता घेता त्यावर बोलायचे.

कोणती तीन, यावरच पहिले भांडण झाले.

“दिवसभर राबून रात्री पुस्तक हातात घ्यायचं, तर त्यानं थोडा धीर द्यावा की. रडवणारं कशाला?” एकीचे म्हणणे.

“धीर देणारं नको असं कोण म्हणतंय? पण ज्याला कधी दुखलंच नाही, त्यानं दिलेला धीर टिकत नाही बघ,” दुसरीचे.

शेवटी एक अट दोघींना पटली. आपल्या आधी ज्यांनी मराठीत प्रार्थना केली, त्यांचीच पुस्तके घ्यायची. परदेशी संतचरित्रांची भाषांतरे आपण वाचतो, वाचावीतही. पण आपल्याच घरच्या वडीलधाऱ्यांशी आपली ओळख नाही, हे बरे नव्हे. असे करून फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तले निवडक अध्याय, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ अशी तीन पुस्तके ठरली.

‘ख्रिस्तपुराण’ म्हटले की आपल्याकडे लोक दुरूनच नमस्कार करतात. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि मराठी चारशे वर्षांपूर्वीची. आम्हीही घाबरत घाबरतच सुरुवात केली. स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे, १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघीय. त्यांचे हे काव्य १६१६ साली गोव्यात, रायतूरला छापले गेले. पण आम्हा दोघींना धरून ठेवले ते सुरुवातीच्या एका प्रसंगाने. धर्मशिक्षण चाललेले असते. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एक जण पाद्रींना विचारतो: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्ही वाचायचे काय?

गेली अनेक वर्षे आम्ही मुलांना धर्मशिक्षण देतो. प्रश्नोत्तरे पाठ करून घेतो, प्रार्थना पाठ करून घेतो. वर्गात मागच्या बाकावरून कोणी असा प्रश्न विचारला असता, तर बहुधा आम्ही त्याला खाली बसवले असते. स्टीफन्सनी त्याला उत्तर म्हणून अख्खे पुराण लिहिले, तेही लोकांच्या ओळखीच्या ओवीत. म्हणजे आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्याचा उगम वाचकाच्या भुकेत आहे. कोणीतरी मागितले, म्हणून कोणीतरी दिले. आज आपण मागतो का?

या पुस्तकाची आणखी एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. १६१६ साली ते छापले गेले ते रोमन लिपीत. भाषा मराठी, अक्षरे रोमन. आज आपल्या घरोघरी काय चित्र आहे? मुले इंग्रजी माध्यमात, शाळेत दुसरी भाषा कन्नड, देवनागरी जेमतेम अक्षरे जुळवण्यापुरती. “प्रभूची प्रार्थना मराठीत येते, पण वाचता येत नाही” अशी मुले आमच्या वर्गात आहेत. त्यांच्यावर आम्ही चिडत होतो. आता जरा कमी चिडतो. त्यांच्या आधीही या भाषेतली श्रद्धा परक्या अक्षरांतून वाचली गेली, आणि ज्यांना कोणतीच अक्षरे येत नव्हती त्यांनी ती कानांनी ऐकली. ती पिढी टिकली. मुलांना देवनागरी शिकवायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण ती येईपर्यंत त्यांना पुस्तकाबाहेर उभे ठेवायचे कारण नाही. मोठ्याने वाचून दाखवता येतेच की.

‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. मराठीतल्या अगदी पहिल्या कादंबऱ्यांत त्याची गणना होते. पदमनजी आपल्या बेळगावात १८३१ साली जन्मले आणि १८५४ साली त्यांचा बाप्तिस्माही इथेच झाला. ज्या रस्त्यांवरून आपण बाजारात जातो, त्याच गावचा हा माणूस. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात आणि ठिकठिकाणी विधवांची दुःखे पाहतात. शेवटी यमुना स्वतःच विधवा होते, ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते.

यावर आमचे जोरात वाजले. “ही कादंबरी कसली, प्रवचन आहे! माणसं बोलत नाहीत, उपदेश करतात,” हे एकीचे मत. दुसरीने ते नाकारले नाही, पण विचारले, “त्या काळी त्या बायकांचं कोण लिहीत होतं?” दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पुस्तक जड आहे, काही ठिकाणी कंटाळवाणे आहे, आणि तरीही ते वाचताना लाज वाटते. कारण त्यातले प्रश्न संपलेले नाहीत. आपल्या मंडळीत एखादी तरुण विधवा झाली, तर आपण तिच्यासाठी काय करतो? वर्षश्राद्धाची मिस्सा ठेवतो, भेटायला जातो, आणि वर्षाने लग्नसमारंभात तिला मागच्या रांगेत बसवतो. नाव ख्रिस्ती, रीत जुनीच. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका बेळगावकराने आपल्याला अजून बोल लावावा, हे आम्हाला बरे वाटले.

आणि मग ‘स्मृतिचित्रे’.

रेव्हरंड ना. वा. टिळकांची गोष्ट आपण चर्चमध्ये अनेकदा ऐकतो. त्यांची भजने गातो. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ती गोष्ट आपण नेहमी टिळकांच्या बाजूने ऐकतो. लक्ष्मीबाई ती घराच्या बाजूने सांगतात. नवरा गेला, घर मोडले, लोक बोलू लागले, लहान मुलाला घेऊन माहेरच्यांच्या आश्रयाने दिवस काढायचे. हे सगळे त्या सांगतात ते कोणावर दात न खाता, मधूनच स्वतःलाच हसत. पुढे काही वर्षांनी दोघे पुन्हा एकत्र येतात, तरी त्यांचे सोवळे चालूच राहते. टिळक त्यांच्यावर सक्ती करत नाहीत. जातिभेद माणसांनी केलेला आहे, हे त्यांचे त्यांना आधी उमगते आणि मग १९०० साली बाप्तिस्मा होतो.

इथे आम्हाला एक घरची गोष्ट सांगायची आहे. दोघींच्या संमतीने सांगतो आहोत; कोणाच्या घरची, याला महत्त्व नाही. आमच्यापैकी एकीच्या थोरल्या मुलीने काही वर्षांपूर्वी दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. घरातून बोलणे बंद झाले. तिचा फोटो भिंतीवरून उतरला. दुसरीने समजूत घालून पाहिली, मग तीही गप्प राहू लागली. मैत्रीत एक विषय बंद झाला की बाकीचे विषयही हळूहळू पांगळे होतात.

‘स्मृतिचित्रे’ वाचताना एका शुक्रवारी ती म्हणाली, “अगं, मी यात टिळकांच्या जागी नाही. मी लक्ष्मीबाईंच्या जागी आहे. मागे राहिलेली.” चहा निवला. थोड्या वेळाने तीच पुढे म्हणाली, “टिळक घर सोडून आपल्याकडे आले, त्याला आपण साक्ष म्हणतो. आपल्या घरातलं कोणी उठून गेलं, की कलंक म्हणतो.”

या दोन गोष्टी सारख्या आहेत, असे आम्ही म्हणत नाही. आपली श्रद्धा आम्हाला प्रिय आहे आणि ती मुलांनी जपावी असेच आम्हाला वाटते. पण मागे राहिलेल्यांचे दुःख सगळीकडे सारखे असते, आणि ते ओळखल्याशिवाय आपण कोणाचेच सांत्वन करू शकत नाही. शिवाय सक्तीने कोणी परत येत नाही, वाट पाहणाऱ्याकडे येतात. प्रभू येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बापही वाट पाहणाराच आहे. हे आम्ही वर्गात कितीतरी वेळा शिकवले होते. पटले मात्र त्या शुक्रवारी.

नाताळात फराळाचा डबा मुलीच्या घरी गेला. संक्रांतीला तो परत आला, तिळाच्या लाडवांनी भरून. अजून बरेच बोलायचे राहिले आहे. पण फोटो भिंतीवर परत लागला आहे.

काही जण म्हणतील, पवित्र शास्त्र असताना ही बाकीची पुस्तके कशाला? प्रश्न योग्य आहे. शास्त्राची जागा कोणतेच पुस्तक घेऊ शकत नाही. पण पंडिता रमाबाईंकडे बघा. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल सोप्या मराठीत आणले. ते १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापून निघाले, तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षे झाली होती. एखादी बाई आपल्या आयुष्याची इतकी वर्षे भाषांतराला का देते? साध्या बाईला समजावे म्हणून. वाचणे आणि समजणे यांत अंतर आहे, हे त्यांना ठाऊक होते. प्रेषितांच्या कृत्यांतही रथात बसून यशया वाचणाऱ्या त्या कूशी अधिकाऱ्याला फिलिप हाच प्रश्न विचारतो, आणि तो प्रामाणिकपणे सांगतो की कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजावे. मग फिलिप रथात चढून त्याच्या शेजारी बसतो. अम्माऊसच्या वाटेवरही चालत होते ते दोघेच. बोलणे त्यांचे चाललेले होते, म्हणून तर प्रभू त्यात सामील झाला.

म्हणून यंदाच्या तक्त्याबद्दल आमची एक सूचना आहे. बारा रकाने नकोत, तीन किंवा चार पुरेत. नावे एकेकटी नकोत, जोडीने असावीत. प्रभूनेही शिष्यांना दोघा-दोघांनीच पाठवले होते. जोडी एकाच घरातली नको. शक्य तर एक तरुण आणि एक वयस्कर अशी असावी, म्हणजे आजीचे डोळे थकले असतील तर नात वाचून दाखवील आणि नातीला शब्द अडला तर आजी सांगेल. दुसऱ्या मंडळीतले कोणी जोडीला मिळाले तर आणखी चांगले. आणि टिक करायची ती पुस्तक संपले म्हणून नव्हे, तर त्यावर दोघांचे एकदा तरी मनापासून भांडण झाले म्हणून.

आमचा स्वतःचा हिशेब सांगायचा तर गेल्या वर्षी आमच्या नावापुढे बारापैकी पाचच खुणा होत्या. तक्त्यावर आम्ही खालून दुसऱ्या आलो. त्याची आम्हाला खंत नाही.

हे प्रभो, तू नासरेथच्या सभास्थानात उभा राहून ग्रंथ उघडलास आणि वाचलेस. आमच्या घरांतली मिटलेली पुस्तके आणि मिटलेली दारे, दोन्ही उघड. वाचताना आमच्या शेजारी कोणीतरी असू दे, आणि आम्हालाही कोणाच्या तरी शेजारी बसव. आमेन.