चौकटीबाहेरचे वजन

धावत्या मोटारीच्या बाहेर कॅमेरा बसवून घेतलेल्या दृश्यांविषयी चित्रपट-समीक्षेत जे लिहिले जाते, त्यात एक विशेषण हटकून येते : 'अस्सल'. स्टुडिओत उभी केलेली, मागच्या पडद्यावर रस्ता सरकवून धावती भासवलेली मोटार नकली. आणि खऱ्या रस्त्यावर, खऱ्या वेगात, बॉनेटवर वा बंपरवर कॅमेरा आवळून घेतलेले दृश्य अस्सल, अशी विभागणी आपण गृहीत धरून चाललो आहोत. या विभागणीत तथ्य आहेच. पण तिच्या पोटात आणखी एक समजूत दडलेली आहे. दृश्य घेताना जेवढा धोका पत्करला, तेवढे ते अधिक खरे आणि म्हणून अधिक थोर, ही ती समजूत. ती आम्हास मान्य नाही, आणि का मान्य नाही हे सांगण्यासाठी हे टिपण.

प्रथम ही गोष्ट प्रत्यक्षात कशी घडते ते पाहू. मोटारीचा पत्रा कॅमेरा पेलण्यासाठी घडवलेला नसतो. म्हणून बॉनेटवर, दारावर किंवा बंपरपाशी धातूच्या नळ्यांचा सांगाडा उभारतात. तो रबरी निर्वात चकत्यांनी पत्र्याला चिकटवतात आणि शक्य तेथे गाडीच्या मूळ सांगाड्याला जखडतात. धुळकट पत्र्यावर चकती नीट धरत नाही, म्हणून तिच्यावर विसंबून न राहता सगळे पुन्हा पट्ट्यांनी आवळतात. बॉनेटवर कॅमेरा ठेवला की चालकाची दृष्टी अडते. दारावर टांगला की गाडीची रुंदी वाढते. एका अंगाला वजन आले की गाडी वळणावर निराळी वागू लागते. आणि एवढे करून कॅमेरा सुटलाच, तर? गणित सोपे आहे. वीस किलो वजनाचा कॅमेरा ताशी साठ किलोमीटर वेगाने जात असताना त्याच्यात जेवढी ऊर्जा असते, तेवढीच तो सुमारे चौदा मीटर उंचीवरून, म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून, खाली पडला असता जमिनीवर आदळताना असते. वेग दुप्पट केला की ही उंची चौपट होते.

मग एवढा खटाटोप कशासाठी? कारण त्यातून जे मिळते ते मोलाचे असते. कॅमेरा जमिनीच्या जितका जवळ, तितका डांबराचा पट्टा भिंगाखालून वेगाने निसटतो, आणि प्रेक्षकाला तो वेग डोळ्यांआधी पोटात जाणवतो. चालकाच्या चेहऱ्यावर झाडांच्या सावल्या पडतात, पुसल्या जातात. खड्डा आला की चौकट हादरते. या गोष्टी स्टुडिओत घडवाव्या लागतात, रस्त्यावर त्या आपोआप घडतात. जॉन फ्रँकनहायमर यांनी १९६६ साली 'ग्राँ प्री' केला तो याच ध्यासाने. मोठ्या पडद्यासाठी लागणाऱ्या रुंद फिल्मचे वजनदार कॅमेरे त्यांनी शर्यतीच्या गाड्यांवर चढवले, नटांना खरोखर गाडी चालवायला बसवले, आणि चित्रीकरणाची एक गाडी फिल हिल या १९६१ सालच्या जगज्जेत्या चालकाच्या हाती दिली. त्यातली शर्यतीची दृश्ये आजही शिळी वाटत नाहीत.

पुढची पायरी स्टीव्ह मॅक्वीन यांच्या 'ल माँ' या १९७१ सालच्या चित्रपटाने गाठली. फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या १९७० सालच्या खऱ्या शर्यतीत चित्रपटासाठी एक पोर्शे ९०८ गाडी स्पर्धक म्हणून उतरवण्यात आली. हर्बर्ट लिंगे आणि जोनाथन विल्यम्स हे तिचे चालक. गाडीवर पुढे-मागे कॅमेरे बसवलेले होते, आणि त्यांतील फिल्म संपली की ती बदलण्यासाठी थांबावे लागे. गाडीने शर्यत अखेरपर्यंत गाठली, पण आवश्यक तेवढे अंतर भरले नाही म्हणून अधिकृत निकालात तिला स्थान मिळाले नाही. एवढे वाचून कोणालाही कौतुक वाटावे. मात्र शर्यत आटोपल्यानंतर चाललेल्या चित्रीकरणात डेव्हिड पायपर या चालकाच्या गाडीला भीषण अपघात झाला आणि त्यांना एका पायाचा गुडघ्याखालचा भाग गमवावा लागला. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांच्या 'त्यागा'बद्दल आभार मानलेले आहेत. त्याग हा शब्द आम्हास येथे खटकतो. त्याग माणूस स्वतःहून करतो. पायपर यांच्याकडून जे गेले ते अपघाताने गेले. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ते व्यावसायिक चालक होते, त्या मार्गावर काय घडू शकते हे जाणत होते, आणि मार्ग इतरांसाठी बंद होता. धोका ज्याने पत्करला त्यानेच तो भोगला.

आमचा खरा आक्षेप सुरू होतो तो येथून पुढे, जेव्हा कॅमेरा बांधलेली गाडी उघड्या रस्त्यावर येते. विल्यम फ्रीडकिन यांच्या 'द फ्रेंच कनेक्शन' (१९७१) मधला पाठलाग चित्रपटप्रेमींना तोंडपाठ असतो. वर पुलावरून धावणारी आगगाडी, खाली तिच्यामागे लागलेला पोलीस डॉइल. यातील बराच भाग आखणी करून घेतलेला होता. पण तेवढ्याने समाधान न झाल्यामुळे बिल हिकमन यांनी एका खेपेस ब्रुकलिनच्या चालू रहदारीतून ताशी नव्वद मैलांच्या आसपास गाडी पिटाळली. एक कॅमेरा गाडीवर पुढे जखडलेला होता आणि दुसरा मागच्या आसनावरून स्वतः फ्रीडकिन चालवत होते. रस्ता बंद केलेला नव्हता. मागचा कॅमेरा आपण स्वतः का घेतला, याचे कारण फ्रीडकिन असे सांगत, की इतर कॅमेरामनांना बायकामुले होती, आपल्याला नव्हती. या वाक्यातील माणुसकी खरी आहे, आणि म्हणूनच ते वाक्य अस्वस्थ करते. गाडीच्या आत बसणाऱ्यांच्या बायकामुलांचा विचार झाला. रस्ता ओलांडणाऱ्यांनाही बायकामुले असतील, हा विचार काचेच्या पलीकडे गेला नाही. आपण पुन्हा असे करणार नाही, लोकांचे जीव धोक्यात घातले, हे फ्रीडकिन यांनी नंतरच्या काळात उघडपणे सांगितले. दिग्दर्शकाने जे स्वतःविरुद्ध मान्य केले, ते त्याच्या चाहत्यांनी मात्र आजवर मनावर घेतलेले दिसत नाही.

क्लोद ललूश यांचा 'राँदेव्हू' (१९७६) हा तर या वृत्तीचा अर्कच. सुमारे आठ मिनिटांचा लघुपट, एकच अखंड दृश्य. पहाटेच्या पॅरिसमधून एक गाडी सिग्नल तोडत, कबुतरे उडवत, पादचाऱ्यांना चुकवत माँमार्त्रच्या टेकडीवर एका तरुणीला भेटायला जाते. कॅमेरा ललूश यांच्या स्वतःच्या मर्सिडीजच्या पुढच्या बाजूला बांधलेला होता. लूव्ह्रपाशी एका आंधळ्या वळणावर एक सहायक वॉकी-टॉकी घेऊन उभा केला होता. पण ते यंत्र बंद पडलेले होते, हे आपल्याला नंतर कळले, असे ललूश यांनीच पुढे सांगितले. आणि या साऱ्याच्या वर आणखी एक मौज. पडद्यावर जी गर्जना ऐकू येते ती मर्सिडीजची नव्हेच. ती फेरारीची, मागाहून जोडलेली. म्हणजे रसिक ज्याला अस्सलपणाचा कळस मानतात, त्या कलाकृतीत ध्वनी बनावट, आणि खरा होता तो फक्त परक्यांच्या जिवाला असलेला धोका.

या ठिकाणी एक गंभीर प्रतिवाद संभवतो, आणि तो टाळणे योग्य नव्हे. कोणी म्हणेल, कलाकृती आपल्यासमोर सिद्ध आहे. ती कशी घडली हा चरित्रकाराचा विषय, समीक्षकाचा नव्हे. शिवाय डॉइल हे पात्रच असे आहे, की शिकारीच्या नादात त्याला रस्त्यावरची माणसे दिसत नाहीत. तेव्हा दिग्दर्शकाचा बेफिकीरपणा आणि पात्राचा बेफिकीरपणा यांचे येथे अद्वैत झाले आहे. युक्तिवाद देखणा आहे. पण पात्राचा आंधळेपणा दाखवण्यासाठी दिग्दर्शकाला आंधळे व्हावे लागत असेल, तर खुनाचे चित्रण करणाऱ्याने काय करावे? आणि अस्सलपणाची स्तुती करणाऱ्याला तर हा प्रतिवाद मुळीच वापरता येत नाही. कारण दृश्य 'खऱ्या रहदारीत' घेतले म्हणून ते थोर, असे म्हणताना त्याने निर्मितीची कथा स्वतःच समीक्षेत आणलेली असते. कथा आणायची तर ती पूर्ण आणावी. तो पाठलाग बहुतांशी उभा आहे तो जेरी ग्रीनबर्ग यांच्या संकलनावर. पुलावरची गाडी आणि खालची मोटार यांची वीण त्यांच्या टेबलावर घातली गेली, आणि त्यासाठी मिळालेल्या ऑस्करमध्ये कोणा पादचाऱ्याचा जीव टांगणीला लागलेला नव्हता.

उलट बाजूचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. 'आराधना' (१९६९) मधले जीपचे आणि छोट्या आगगाडीचे गाणे पाहा. राजेश खन्ना आणि सुजित कुमार यांची जीप दार्जिलिंगच्या रस्त्यावर आहे. डब्याच्या खिडकीतल्या शर्मिला टागोर मात्र मुंबईच्या स्टुडिओत. नायक-नायिका एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात कधी नव्हतेच. तरी त्या नजरानजरेवर पिढ्यांनी विश्वास ठेवला. अब्बास किआरोस्तामी यांच्या 'टेस्ट ऑफ चेरी'ला (१९९७) कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्यात मोटारीत शेजारी बसून बोलणारी माणसे चित्रीकरणाच्या वेळी शेजारी नव्हती. समोरच्या आसनावर बहुधा स्वतः दिग्दर्शक असे. या चित्रपटांना नकली म्हणायचे, तर त्या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

म्हणून कॅमेरा गाडीबाहेर लावूच नये, असे आम्ही म्हणत नाही. कल्पकता आणि काळजी एकत्र नांदू शकतात. अल्फोन्सो क्वारोन यांच्या 'चिल्ड्रन ऑफ मेन' (२००६) मधल्या मोटारीतील प्रदीर्घ दृश्यासाठी गाडीच्या टपाच्या जागी एक सांगाडा उभारला होता. त्यावरून कॅमेरा प्रवाशांच्या मधून हवा तसा सरके, आणि त्याला वाट देण्यासाठी नटांची आसने मागे झुकत. ते दृश्य पाहताना छाती दडपते, आणि ती दडपण्यासाठी कोणा अनभिज्ञ माणसाला वेठीस धरलेले नाही.

आज हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे, कारण वजन नाहीसे होत आहे. जड कॅमेरा गाडीवर चढवायचा तर चार माणसे लागत, अर्धा दिवस जाई, परवानगीचा विषय निघे, आणि कोणीतरी जाणता 'हे धरणार नाही' असे म्हणण्याची शक्यता तरी असे. आता शे-दीडशे ग्रॅमचा कॅमेरा एका चकतीने कोणालाही, कोठेही चिकटवता येतो, आणि महामार्गावरचा वेग संध्याकाळपर्यंत हजारो पडद्यांवर पोहोचतो. गाडीवरचे ओझे गेले. पण समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या वाट्याचा धोका एका ग्रॅमनेही कमी झालेला नाही. त्याला या दृश्यात भूमिका देऊ करण्यात आली नव्हती, आणि नकार देण्याची संधीही मिळाली नव्हती.

समीक्षेचे काम परवाने तपासण्याचे नव्हे, हे आम्ही जाणतो. पण कौतुकाचे शब्द समीक्षाच पुरवते, आणि त्या शब्दांकडे पाहून पुढची पिढी कॅमेरा कोठे बांधायचा ते ठरवते. वेगाचे दृश्य आवडले तर भिंगाची उंची, प्रकाश, ध्वनी, संकलन यांविषयी लिहावे. सांगाडा जुळवणाऱ्या, पट्ट्या आवळणाऱ्या कामगारांविषयी लिहावे, ज्यांची नावे सरकू लागतात तेव्हा प्रेक्षागृह रिकामे होत असते. धोक्याचा उल्लेख करायचाच, तर तो कोणी पत्करला आणि कोणावर लादला, हेही त्याच वाक्यात सांगावे.