नोकर कोणाचा, माहिती कोणाची?

शास्त्री भवनात किंवा कृषी भवनात संगणकापुढे बसलेल्या तरुणाला ‘तुम्ही कोणाकडे नोकरीला’ असे विचारले, तर तो क्षणभर घुटमळतो. काम केंद्र सरकारचे, वेतन लक्ष्मीनगरातील वा नोएडातील मनुष्यबळ पुरवठादाराचे, आणि नियुक्तिपत्र बहुधा कोणाचेच नाही. स्पर्धा परीक्षांसाठी राजिंदरनगर व मुखर्जीनगरात आलेली आणि प्रयत्न संपल्यावर राजधानीतच राहिलेली मराठी मुलेही या वर्गात आहेत. त्यांची प्रमाणपत्रे, आधार, पॅन, बँक खात्याचा तपशील, बोटांचे ठसे असे सारे काही पुरवठादाराच्या हाती असते. पुरवठादार अप्रामाणिक असला, तर वेतनाचा कागदावरचा आकडा एक आणि हातात पडणारा दुसरा असतो. काम सुटल्यानंतरही त्या मुलाचा जीवनवृत्तांत एखाद्या निविदेत ‘अनुभवी मनुष्यबळ’ म्हणून फिरत राहतो.

अशा संस्थेला जाब विचारण्याचे साधन म्हणून २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याकडे पाहिले जाते. आपली कोणती माहिती संस्थेकडे आहे, तिचे काय केले गेले आणि ती आणखी कोणाला दिली, हे विचारण्याचा हक्क त्यात आहे. चुकीची नोंद दुरुस्त करून घेता येते, अनावश्यक माहिती पुसावयास लावता येते. वेतनाच्या तंट्यात कामगार न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वी एवढा कागद हाती आला, तरी पुष्कळ झाले.

मात्र या दारात एक उंबरठा आहे. हे हक्क संमतीने दिलेल्या माहितीपुरते आहेत आणि ‘नोकरीच्या प्रयोजनासाठी’ होणाऱ्या वापराला कायद्याच्या सातव्या कलमाने संमतीच्या अटीतून वगळले आहे. भविष्यनिर्वाह निधीचा विषय निघाला की ‘हा आमचा कर्मचारी नव्हे, कंत्राटावरचा माणूस’ असे सांगणारी संस्था माहिती मागताच ‘नोकरीसाठीच घेतली होती’ असे म्हणण्यास मोकळी राहते. एकाच माणसाला सोयीप्रमाणे नोकर आणि परका ठरविण्याची ही जुनीच हातचलाखी आहे. नवा कायदा ती बंद करीत नाही.

अंमलबजावणीचा क्रमही बोलका आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. नागरिकांचे हक्क त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हावयाचे. माहिती अधिकार कायद्यातील व्यक्तिगत माहितीविषयक कलम कडक करणारी दुरुस्ती मात्र तत्काळ लागू झाली. पुरवठादाराने मंत्रालयाला सादर केलेला हजेरीपट व वेतनपत्रक मागणाऱ्यास नकार देणे त्यामुळे सोपे झाले. ज्या महाराष्ट्राने माहिती अधिकाराची चळवळ पाहिली, त्याच्या खासदारांनी यावर अधिक बोलावयास हवे होते.

दुसरी उणीव पैशांची. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात पीडिताला भरपाईची तरतूद होती. २०२३ च्या कायद्यात दंड आहे, कमाल २५० कोटींपर्यंत. पण तो भारताच्या संचित निधीत जमा होणार. ज्याची माहिती विकली गेली त्याला छदामही नाही. उलट खोटी वा क्षुल्लक तक्रार ठरल्यास त्यालाच १० हजार रुपयांपर्यंत दंड. भरपाई देणारे माहिती-तंत्रज्ञान कायद्याचे ‘४३-अ’ हे कलमही हक्क लागू होतील त्याच दिवशी रद्द व्हावयाचे आहे.

हे कलम कुचकामी नव्हते. २०१३ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन माहिती-तंत्रज्ञान सचिव राजेश अगरवाल यांनी न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने पुण्यातील एका उद्योजकाला राष्ट्रीयीकृत बँकेकडून ४५ लाख रुपये देवविले होते. पाच कोटींपर्यंतचे असे दावे प्रत्येक राज्याच्या सचिवापुढे चालतात, दिल्लीतही. एकहाती मालकीची संस्थाही कलमाच्या कक्षेत येते. २०११ च्या नियमांनुसार बँक तपशील व जैवमापन माहितीसारखी संवेदनशील माहिती देणाऱ्यास ती तपासण्याचा व संमती मागे घेण्याचा हक्क आहे, आणि तक्रार महिनाभरात निवारावी लागते. मे २०२७ पर्यंत कंत्राटी माणसाच्या हाती उरलेले शस्त्र हेच.

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने नऊ संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा आदेश काढला आणि ऑक्टोबरात तो मागे घेतला. पाप कोणाचे यावर तेव्हा भरपूर वाद झाला. उमेदवारांची कागदपत्रे कोणाच्या ताब्यात राहणार, हा प्रश्न त्या गदारोळात बाजूलाच पडला.

वास्तविक उपाय दिल्लीतील ज्या अधिकाऱ्यांच्या सहीने ही कंत्राटे होतात, त्यांच्याच टेबलावर आहे. कंत्राटदाराने वेतन थकविल्यास ते मुख्य मालकाने द्यावे, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून मान्य आहे. तेच माहितीला लावता येईल. पुरवठादाराने प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याच्या नोंदींची प्रत मागताच द्यावी, कंत्राट संपताच कायद्याने ठेवणे भाग नसलेली कागदपत्रे नष्ट करून तसे लिहून द्यावे आणि तोवर अखेरचे देयक अडवून ठेवावे, एवढी अट निविदेत घालण्यास संसदेची परवानगी लागत नाही. अवर सचिवाची टिप्पणी पुरते.