आमदार कुणाचा? : कंधारचा धडा

भाई केशवराव धोंडगे १ जानेवारी २०२३ रोजी, वयाची शंभरी ओलांडून निवर्तले, तेव्हा सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी त्यांना 'मन्याडचा वाघ' म्हणून आदरांजली वाहिली. वाघ म्हणून गौरव केला की त्या माणसाच्या राजकारणाचा हिशेब मांडण्यातून सुटका होते. कार्यकर्त्यांनी मात्र तो हिशेब मांडलाच पाहिजे.

निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्यात घडलेले धोंडगे १९५७ साली कंधारमधून विधानसभेत गेले. ते पाच वेळा आमदार आणि १९७७ साली नांदेडचे खासदार झाले, आणि हे सर्व शेतकरी कामगार पक्षाच्या नावावर. आणीबाणीत त्यांनी तुरुंगवास भोगला. 'जयक्रांती' साप्ताहिक चालविले, गुराख्यांचे साहित्य संमेलन भरविले. आमदारकी हे त्यांच्या चळवळीचे एक हत्यार होते. चळवळ ही आमदारकीची शिडी नव्हती.

त्याच भूमीतील आजचे चित्र पाहावे. मतदारसंघाच्या फेररचनेनंतर कंधारचा 'लोहा' झाला. जिल्हा नांदेड, पण लोकसभेसाठी जोडलेला लातूरला. येथील प्रताप पाटील चिखलीकर २००४ मध्ये अपक्ष आमदार, २०१४ मध्ये शिवसेनेचे आमदार, २०१९ मध्ये भाजपचे नांदेडचे खासदार आणि २०२४ मध्ये लोकसभेत पराभूत होताच अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे आमदार! २०१९ मध्ये त्यांनी ज्यांना हरविले ते अशोक चव्हाण २०२४ मध्ये भाजपमध्येच दाखल झाले. माणसे तीच, घरे तेवढी बदलली.

हा केवळ एका व्यक्तीच्या स्वभावाचा प्रश्न नव्हे. 'मतदारसंघाच्या विकासासाठी' पक्ष बदलला, असे आज कोणताही आमदार निर्लज्जपणे सांगू शकतो. याचा अर्थ एवढाच की, विरोधी बाकावर बसणाऱ्याच्या गावाला रस्ता आणि पाणी मिळणार नाही, हे त्याने मान्य केले. सरकारी तिजोरी जनतेची असेल, तर तिच्यासाठी शरणागती कशाला?

परंतु दुसऱ्याकडे बोट दाखवून डाव्यांची सुटका नाही. २०१९ मध्ये लोह्याची जागा शेकापने पुन्हा जिंकली खरी. पण उमेदवार श्यामसुंदर शिंदे हे निवृत्त सनदी अधिकारी आणि चिखलीकरांचे मेहुणे होते. तो विजय लाल बावट्याचा की सोयऱ्याधायऱ्यांच्या राजकारणाचा, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. पाच वर्षांत जागा हातची गेली. एका माणसाच्या वाणीवर मतदारसंघ जिंकता येतो. तो टिकवायला संघटना लागते.

म्हणून दुसरा धोंडगे कधी जन्मेल याची वाट पाहणे व्यर्थ आहे. सोयाबीनचा भाव, पीक विम्याची भरपाई, रोजगार हमीची मजुरी या प्रश्नांवर गावोगावी उभी राहणारी आणि निवडून दिलेल्या आमदाराला, मग तो आपला का असेना, भर सभेत जाब विचारणारी शाखा हवी. ती नसेल तर उद्याचा आमदारही बाजारातच उभा राहील, आणि त्याचा दोष केवळ त्याचा नसेल.