बोनस वेळेवर येतो, बसचे काय?

दिवाळी आठवड्यावर आली की दादरा-नगर हवेलीतल्या अथालच्या रस्त्यावर रात्री आठच्या सुमारास जी माणसे लोटतात, ती खरेदीला निघाली आहेत असे पाहणाऱ्याला वाटत नाही. पाठीला सॅक, हातात रिकामा डबा, दिवसभर यंत्रापुढे उभे राहून जड झालेली पावले. पण मोबाइलवर बोनस जमा झाल्याचा संदेश आलेला असतो आणि दमणगंगा ओलांडली की सिल्वासाचा बाजार दिव्यांनी उजळलेला असतो. जायचे कसे, हा प्रश्न फारसा पडत नाही. हात मोकळे असले की माणूस चालतही जातो. प्रश्न पडतो तो परतताना. एका हातात साडीचे खोके, दुसऱ्या हातात मिठाईची पिशवी, पोरासाठी घेतलेली तीनचाकी काखोटीला, आणि घड्याळात पावणेदहा.

सणासुदीला बसगाड्या उशिरापर्यंत चालवा, असे कुणी म्हटले की डोळ्यांसमोर मोठ्या शहरातले मॉल येतात. अथाल-नरोलीच्या पट्ट्यात या मागणीचा चेहरा वेगळा आहे. इथला दिवाळीचा गिऱ्हाईक पाळीवर काम करणारा आहे. त्याच्या खरेदीची वेळ तो ठरवत नाही, कारखान्याचे फाटक ठरवते. सकाळी आठ ते रात्री आठ अशी पाळी या भागात नवलाची नाही. बोनसचा दिवसही त्याच्या हातात नसतो. १९६५च्या बोनस कायद्याने किमान ८.३३ टक्के दर घालून दिला, म्हणजे ढोबळमानाने वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. आणि हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत तो चुकता करावा असे सांगितले. मार्चअखेर धरली तर ही मुदत नोव्हेंबरअखेर येते, त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर पैसे वाटण्याची पद्धत पक्की झाली. वर्षभराची खरेदी चार-पाच संध्याकाळींत, तीही आठनंतरच्या दोन तासांत उरकायची. एवढ्या आखीव गर्दीसाठी वेळापत्रक बदलता येत नसेल, तर मग कशासाठी बदलायचे?

ही माणसे कोण, हे जनगणनेत स्वच्छ दिसते. २०११ साली दादरा-नगर हवेलीची लोकसंख्या ३ लाख ४३ हजार ७०९ होती आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या अवघ्या ७७४. बायका-मुले गावी ठेवून बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेल्या एकट्या पुरुषांची ही खूण. ते साडी घेतात ती इथे नेसायला नाही. ती ट्रंकेत घालून वापी स्टेशन गाठायचे असते. म्हणजे बाजार आणि रेल्वे ही त्यांच्यासाठी एकाच फेरीची दोन टोके आहेत. दिवाळी-छठच्या गाड्यांची गर्दी काय असते, हे नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरत स्टेशनावर दिसले. चेंगराचेंगरीत एका प्रवाशाचा जीव गेला. रात्रीची गाडी पकडायची म्हणून दुपारपासून फलाटावर बसून राहणारा कामगार हा या गर्दीत भरच घालतो. उशिराची भरवशाची बस असेल तर तो तीन तास उशिरा निघेल.

दुसरा गिऱ्हाईक आदिवासी पाड्यांवरचा. वारली, कोकणा, धोडिया घरांत दिवाळीची चाहूल वाघबारशीला लागते. वाघदेवाची पूजा होते, तारपा वाजू लागतो. पाड्यावरची बाई बाजाराला सकाळीच येते आणि दिवस कलायच्या आत परतते. तिला संध्याकाळी सवड नसते असे नाही. परतीच्या वाहनाची खात्री नसते.

सध्या ही उणीव भरून काढतात शेअर रिक्षा आणि ईको गाड्या. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्या नसत्या तर निम्मा बाजार ओस पडला असता. पण शेअर गाडीचे वेळापत्रक एकच असते: भरली की निघते. आठ वाजता ती पाच मिनिटांत भरते, दहा वाजता अर्धा तास लागतो, आणि मग चालक ‘रिकाम्या सीटचे पैसे द्या’ म्हणतो. हातात पिशव्या असलेला माणूस घासाघीस किती करणार?

सणासाठी वेळ वाढवण्याचे धडे शोधायला फार लांब जायला नको. पुणे मेट्रोने २०२५च्या गणेशोत्सवात ३० ऑगस्टपासून ५ सप्टेंबरपर्यंत गाड्या रात्री दोनपर्यंत चालवल्या आणि अनंत चतुर्दशीला सलग ४१ तास सेवा दिली. मुंबईत गणपतीच्या दिवसांत बेस्ट रात्रभर जादा बस सोडते, विसर्जनाच्या रात्री लोकलच्या विशेष फेऱ्या होतात. तिथे कुणी विचारत नाही की रात्री दीडची गाडी भरते का. सणाला माणसे बाहेर पडणार हे गृहीत असते. कामगारांच्या दिवाळीला तो मान अजून मिळालेला नाही. देखावे पाहायला निघालेल्यांसाठी यंत्रणा जागते, बोनसची साडी घ्यायला निघालेल्याने मात्र आपापले बघावे, हा भेद खटकणारा आहे.

दुकानाच्या गल्ल्यामागे उभ्या असलेल्या मुलीचा विचार तर बहुतेक वेळा होतच नाही. शटर दहाला अर्धे खाली येते, पण आतले कपड्यांचे गठ्ठे घडी घालून रॅकवर जाईपर्यंत साडेदहा होतात. गिऱ्हाईक गेले तरी ती तिथेच असते. शेजारच्या महाराष्ट्राने २०१७च्या कायद्याने दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याची वाट मोकळी केली, तेव्हा रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती, सुरक्षितता आणि घरी पोहोचवण्याची सोय बघावी लागेल असेही लिहिले. दुकानाची वेळ आणि वाहनाची वेळ या एकमेकींना बांधलेल्या आहेत, हे कायदा करणाऱ्यांना तेव्हा उमगले होते. दिवाळीत दुकाने उशिरापर्यंत चालणार हे मान्य असेल, तर बसनेही चालले पाहिजे.

अडचणी खऱ्या आहेत. सिल्वासाची स्मार्ट सिटी योजनेत निवड जानेवारी २०१८ मध्ये झाली, नंतर शहरात विजेवरच्या बस आल्या. या गाड्यांना रात्री चार्जिंगला उभे राहावे लागते. शेवटची फेरी अकराला संपली तर सकाळच्या पहिल्या फेरीसाठी हिशेब नव्याने मांडावा लागेल. चालक-वाहकांचे तास वेगळेच. १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने त्यांना दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा दिली, जादा कामाला दुप्पट मजुरी दिली. तीच माणसे दामटून वेळ वाढवली तर ती सोय नव्हे, पिळवणूक. दुपारच्या ओसाड वेळेतल्या दोन-तीन फेऱ्या कमी करून त्या रात्रीकडे वळवणे जास्त शहाणपणाचे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. गुजरातेत दारूबंदी आहे, इथे नाही. त्यामुळे रात्रीच्या बसमध्ये झिंगलेले प्रवासी चढणार, ही भीती स्त्रियांना वाटते आणि ती वावगी नाही. पण तेच प्रवासी शेअर गाडीतही असतात, फक्त तिथे वाहक नसतो आणि दिवाही बहुधा बंद असतो. वाहक असलेली, आतून उजेडाची, ठरलेल्या थांब्यावर उभी राहणारी बस त्याहून केव्हाही बरी.

‘शेवटची बस रिकामीच धावेल’ हा आक्षेप मात्र कागदावरचा आहे. नऊच्या बसने येणारा माणूस नऊला निर्धास्त असतो, कारण ती चुकली तर साडेदहाची आहे हे त्याला ठाऊक असते. साडेदहाची रद्द केली की नऊची आपोआप आठची होते. शेवटच्या फेरीत बारा माणसे बसली म्हणून ती तोट्यात मोजणारा हिशेब अपुरा आहे.

प्रत्यक्ष लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वेळ वाढवू नये, उलट कमी करावी. दिल्ली मेट्रो दिवाळीच्या दिवशी शेवटची गाडी रात्री दहाला सोडते. लंडनमध्ये नाताळची खरेदी महिनाभर चालते, पण नाताळच्या दिवशी भुयारी रेल्वे बंदच असते. चालकाच्या घरीही पणत्या लागायच्या असतात.

आता वापीचा प्रश्न. सिल्वासाहून वापीला जाणारी गाडी आधी गुजरातेत शिरते, मग दादरा लागते, मग पुन्हा गुजरात. या कोड्यात टाकणाऱ्या नकाशानेच एकेकाळी हा मुलूख हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला होता. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाल्यावर दमणहून इथे यायला वाट मिळावी, म्हणून पोर्तुगालने १९५५ मध्ये दावा लावला. १२ एप्रिल १९६०च्या निकालात न्यायालयाने सामान्य नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क मानला, सैन्याचा आणि शस्त्रांचा नाही. भारतानेही काही गैर केले नाही असे म्हटले. साध्या माणसाच्या ये-जा करण्यावर इथे इतका खल झाला आहे! सीमा ओलांडणाऱ्या बसच्या परवान्याची आजची अडचण त्यामानाने किरकोळ आहे. मोटार वाहन कायद्यात जत्रा-सणांसाठी तात्पुरत्या परवान्याची तरतूद आहे, आणि शेजारच्या राज्याच्या संमतीने तो तिथेही चालतो. वलसाड जिल्ह्याच्या परिवहन खात्याशी एक पत्रव्यवहार, तोही नवरात्रातच उरकावा असा.

नरोली, अथाल, सिल्वासा, दादरा, वापी स्टेशन ही एक सलग रेघ आहे. प्रशासनाने वाघबारशीच्या चार दिवस आधीपासून नरक चतुर्दशीपर्यंत तिच्यावर रात्री अकरापर्यंत अर्ध्या तासाला एक बस ठेवावी. पहिली जादा फेरी पाळी सुटल्यावर दहा मिनिटांनी फाटकापासून निघावी, शेवटची वापीहून रात्रीच्या गाडीला जोडून. भाडे नेहमीचेच असावे. वेळापत्रक बोनस जमा होण्याआधी लागले पाहिजे, आणि ते संकेतस्थळावर नको. कारखान्यांच्या फाटकांवर, बसथांब्यांवर आणि आठवडी बाजारांत, गुजराती, हिंदी आणि मराठीत, मोठ्या अक्षरांत चिकटवावे.